अजून एक पावसाळा निघेल

उन्हाळ्यात धुळ्याला पाहुणे आले की दाखवायच्या जागा ठरलेल्या असत. एकवीरा देवी, लळिंगचा किल्ला, राजवाडे मंडळ. माहेरवाशीण तान्हं बाळ घेऊन आलेली असली की लळिंग आपोआप बाद. देवीला ओटी भरून झाली की उरलं राजवाडे मंडळाचं संग्रहालय. तिथं निदान डोक्यावर छप्पर होतं, आणि खान्देशातल्या मे महिन्यात तेवढं पुरे.

निघायची तयारी मात्र लग्नाला निघाल्यासारखी. जुन्या पँटची शिवलेली पिशवी, तिच्यात दुपटी, लंगोट, झबली, जास्तीचं टोपडं, मऊ भाताचा पितळी डबा, वाटी-चमचा, खुळखुळा, काजळाची डबी. दाराशी मीठ-मोहरीनं दृष्ट. मग मोठी माय पुढे, बाळ तिच्या कडेवर, आणि मागे आम्ही सगळी गल्ली.

आत गेल्यावर मोठ्यांनी पाट्या वाचायच्या आणि आम्ही पळायचं नाही. मोठी मायला पाट्यांशी कर्तव्य नव्हतं. दगडी मूर्ती दिसली, मग तिचा हात तुटलेला असो की नाक, ती चपला काढी आणि बाळाचे हात जोडून ‘जय बाप्पा’ करवी. कनवटीचे पाच पैसेही पुढे ठेवी. ते उचलून परत द्यायचं काम आमच्याकडे. ‘वस्तूंना हात लावू नये’ ही पाटी तिच्या लेखी देवाला लागू नव्हती. बाळाला तर कशालाच नव्हती.

जुन्या कागदांची रुमालात बांधलेली दप्तरं पाहिली की आम्हाला बाळंतिणीच्या खोलीत ओळीनं गुंडाळून निजवलेली बाळं आठवत. ज्या माणसाच्या नावानं हे सगळं उभं राहिलं, ते इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव वाडे धुंडाळत हिंडले. माळ्यावर वाळवी खात पडलेले कागद मागून आणले आणि 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढले. 31 डिसेंबर 1926 ला ते धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी मंडळ उभं राहिलं. आमच्या घरी असा कुणी माणूस आला असता तर रिकाम्या हातानं गेला असता. आमच्याकडे टाकायला काही उरतच नसे, मग ठेवायला कुठून उरणार?

लुगड्याचंच बघा ना. मधे विरलं की फाडून काठाला काठ जोडून दंड घालायचा. ‘अजून एक पावसाळा निघेल.’ तो निघाला की त्याची बाळाला झोळी. झोळी दबली की दुपटी. पिशवीतल्या त्या दुपट्यांना एका कडेला मोठी मायच्या लुगड्याचा हिरवा काठ तसाच असे, बारीक धावदोऱ्यात धरलेला. चार धुण्यांनी दुपटं इतकं मऊ होई, की विकतचं कापड त्याच्याजवळ उभं राहणार नाही. दुपट्याचे लंगोट, लंगोटाची चिंधी, चिंधीचं पोतेरं. पोतेऱ्यालाही ‘अजून एक पावसाळा निघेल’. एवढं सगळं होऊन जे उरे, त्याला कुठल्या काचेत ठेवणार?

टिकलं ते दगडाचं आणि पितळेचं. पाटा, जातं, खल, बाळगुटीची सहाण. मांड्यांचं खापर मातीचं, तेही तडकलं की तुळशीखाली गेलं.

आता आमच्याच सुना-मुली बाळाची गाडी ढकलत नेतात. जळगावला गांधी तीर्थ पाहायचं, आणि जुन्या जळगावात बहिणाबाई चौधरींचा वाडा. 1880 साली असोद्याला जन्मलेली, लिहिता-वाचता न येणारी बाई, नि तिच्या घरातल्या रोजच्या वस्तू लोक तिकीट काढल्यासारखे हळू आवाजात पाहतात. आम्हाला त्याचं कौतुकही वाटतं आणि थोडं हसूही येतं. तान्ह्या पोराला मात्र तिथं जरूर न्यावं. तेवढ्यापुरतं त्याला कडेवर घ्यावं लागतं, आणि हल्ली कडेवरून जग पाहायला मिळतंय कुणाला? शिवाय वस्तू पाहून रडायचं नाही, कंटाळायचं नाही, चाटायला मात्र धावायचं, हा खरा प्रेक्षक.

आमच्यातल्या थोरल्या वहिनी आता सत्तरीपुढच्या. कुठल्याही संग्रहालयात जातं दिसलं की त्यांचा हात पाटी न वाचता खुंट्याकडे जातो.

“हाई ते आपला घरमा बी होतं,” त्या सुनेला सांगतात.

“आई, हात नका लावू.”

“लावत नाही गं, बघते. टाकीच लावलेली नाही याला किती वर्षांत. याच्यावर काय दळणार, कपाळ?” आणि मग पाटीवर कुणाचं नाव आहे ते वाचत बसण्याऐवजी, टाकी लावणारा गल्लीत यायचा तेव्हा काय हाळी द्यायचा, यावर त्यांची आणि धाकट्या जावेची तिथंच जुंपते.