पत्रा

ह्या खेपेला कविता नाही. डांबराविषयी लिहितोय.

आमचं घर पत्र्याचं. दोन पावसाळे बरोबर पुस्तकांच्या फळीवर गळलं. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी दादरला राजगृह बांधलं. आमची एक फळी, तीबी ओली. खंड फुगून उशीएवढे झाले. मिस्त्री आला. आईनं दिलेलं पाणी प्याला नाही, पैसे मात्र मोजून घेतले. गळती तशीच.

मग मे महिन्यात रात्रपाळी करून मीच वर चढलो. बघतो तर खिळे पत्र्याच्या खळगीत ठोकलेले! पाणी वाहतं तिथंच भोक. खिळा लाटेच्या माथ्यावर पाहिजे, खाली डांबरी वायसर. वरचा पत्रा खालच्यावर सहा इंच चढलेला पाहिजे. खळगीतली भोकं अशी बुजवली: तारेच्या ब्रशनं गंज खरवडला, कोरडं केलं, गरम डांबर, त्यावर आईच्या लुगड्याची चिंधी, पुन्हा डांबर. चिंधी सुतीच घ्या, टेरीकॉट आकसतं.

वजन वाशावर ठेवा, फळी टाकून. मी घाईत मधेच पाय दिला, गंजका पत्रा फाटून पाय घोट्यापर्यंत घरात. खालून आई, ‘मुडद्या, चुलीत पडशील!’

जुना सिमेंटचा पत्रा असेल तर घासू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, धूळ छातीत बसते. गिरणीत कापूस खातोच आपण, घरात आणखी कशाला?

रविवारी शेजारच्या मावशीचा पत्रा धरलाय. डांबर उरलंय, लुगडं संपलं. कुणाकडं जुनं सुती धोतर असेल तर घेऊन या.