आबांसाठी पक्षी

९ फेब्रुवारी २०२५, बोईसर

आबांनी आज पुन्हा तोच विषय काढला. सासूबाई गेल्यापासून दुपार खायला उठते, एखादा पोपट आणा. त्यांच्या लहानपणी केळव्याच्या वाडीत ओटीवर पिंजरा टांगलेला असायचा. त्यातला राघू भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि हिरवी मिरची खायचा, आल्यागेल्याला हाक मारायचा. हा राघू त्यांच्या बोलण्यात इतक्या वेळा येतो की मला त्याचा आता नातेवाइकांत समावेश करावासा वाटतो.

"आबा, पोपट पाळायला बंदी आहे."

"कुणी सांगितलं? समोरच्या इमारतीत आहे की."

असेल. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात देशी पोपट येतो, मैना येते, मुनियाही येते. २०२२च्या दुरुस्तीनंतर पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. आबा तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले. उभा जन्म नियमावलीत गेलेला माणूस. "नियम आहे म्हणतेस?" एवढंच विचारलं आणि पेपर उघडला. मला जरा वाईट वाटलं. चिरंजीवांनी लगेच मोबाइल काढून बंदी नसलेले पक्षी शोधायला घेतले. अभ्यासात ही तत्परता कधी दिसत नाही.

१३ फेब्रुवारी

संध्याकाळी स्टेशनबाहेर एक जण बुटाच्या खोक्यात पोपटाची पिल्लं घेऊन बसला होता. पिसं फुटायची होती, अंगावर नुसत्या काटेरी नळ्या. हा त्यांच्या विणीचा हंगाम. झाडाच्या ढोलीत हात घालून काढतात. "ताई, आत्तापासून भरवलंत तर गरीब होईल, कधी चावणार नाही." वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन लावला, तो लागेपर्यंत माणूस खोक्यासकट गायब.

घरी काही बोलले नाही. आबांनी पिल्लू पाहिलं असतं तर काय केलं असतं, ते मला माहीत आहे.

२३ फेब्रुवारी

पालघरला पक्ष्यांच्या दुकानात तिघंही गेलो. दुकानदार बजरिगरला लव्हबर्ड म्हणतो आणि खऱ्या लव्हबर्डला आफ्रिकन लव्हबर्ड. नीट विचारून घ्यायला हवं, कारण दोघांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक. खरा लव्हबर्ड दिसायला गोंडस, पण जागेचा हट्टी आणि चोचीचा तिखट. आबांच्या वयाला हातातून रक्त काढणारा पक्षी नको. त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, हेही लक्षात ठेवायला हवं.

बजरिगर चिरंजीवांना आवडले. मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १८४०मध्ये जॉन गूल्डनं ते इंग्लंडात नेले आणि तिथून जगभर पसरले. वजन जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम. नराच्या चोचीवरची गादी निळी, मादीची तपकिरी. पिल्लू ओळखायचं तर कपाळ बघायचं: आडव्या काळ्या रेघा थेट चोचीपर्यंत आल्या असतील तर पक्षी तीन-चार महिन्यांच्या आतला. पहिल्या पीसगळीनंतर कपाळ साफ होतं. एका कोपऱ्यात एक हिरवा पक्षी अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून बसला होता. आबा म्हणाले, "हा बघ किती शांत, हाच घेऊ." तो शांत नव्हता, आजारी होता. पक्षी दुखणं लपवतो आणि अंग फुगवून बसायची वेळ आली म्हणजे लपवायची ताकदही संपलेली असते. दुकानात सगळ्यात गरीब दिसणाऱ्या पक्ष्याला भुलायचं नाही, एवढं कळलं.

झेब्रा फिंच पाहिल्या, डायमंड डव्ह पाहिले. दोन्ही अगदी निरुपद्रवी, पण लांबून बघायचे. आबांना खांद्यावर बसणारा हवा आहे.

३ मार्च, रात्री उशिरा

वारा फिरला की कारखान्यांच्या बाजूनं तो वास येतो. आजही आला. खिडक्या लावल्या आणि पलंगावर बसून विचार करत राहिले की आपण या हवेत पक्षी आणायला निघालोय.

पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे हवा फुप्फुसातून एकाच दिशेनं वाहत राहते. उडायला प्राणवायू लागतो, त्याची ही सोय. पण हवेत विष असेल तर तेही माणसाआधी आणि माणसापेक्षा जास्त आत जातं. म्हणूनच इंग्लंडात कोळशाच्या खाणीत कॅनरी नेत. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञानं ते सुचवलं होतं आणि १९८६ सालापर्यंत ती पद्धत चालू होती. आमच्या घरात त्या हिशेबानं बऱ्याच गोष्टी धोक्याच्या निघाल्या. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरतो. डासांची कॉइल, रूम फ्रेशनर, आबांचा संध्याकाळचा धूप. तवा उद्याच निघेल. धुपाचं मी बोलणार नाही, ते काम नातवाकडे.

पिंजरा गॅलरीत ठेवायचा नाही, हे मात्र पक्कं. इथं सगळे गॅलरीतच ठेवतात. आतल्या खोलीत, भिंतीला पाठ लावून, वास आला की खिडकी बंद करता येईल अशा जागी.

१६ मार्च

डहाणू लोकलनं विरारला, एका पक्षीपालकाच्या घरी. आबा सोबत, पांढऱ्या शर्टात. त्यानं पहिली सूचना दिली, पुढच्या वेळी काळा शर्ट घालून या, म्हणजे कळेल. कॉकाटीलच्या पिसांतून पिठासारखी पांढरी भुकटी सतत झडते. घरात कुणाला दमा असेल तर हा पक्षी घ्यायचाच नाही. आमच्याकडे कुणाला नाही.

काकाकुव्याच्या घराण्यातला हा सगळ्यात लहान पक्षी. नव्वद ग्रॅमच्या आसपास वजन, गालावर नारिंगी ठिपका, डोक्यावर तुरा. सगळा स्वभाव त्या तुऱ्यात. ताठ उभा म्हणजे दचकलाय, डोक्याला चिकटवून फुस्स केलं म्हणजे हात मागे घ्या, सैलसर अर्धा वर म्हणजे सगळं ठीक. शिवाय कागदपत्रांची भानगड नाही. आफ्रिकन ग्रेसारखे विदेशी पक्षी आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीत असल्यामुळे २०२४च्या नियमांप्रमाणे त्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कॉकाटील आणि बजरिगर त्या यादीत नाहीत.

त्यानं आधी पिल्लं दाखवली. हल्ली हातानं भरवायचं पिल्लू विकत घ्यायची टूम आहे, म्हणजे पक्षी आपला होतो म्हणे. पेज जरा गरम झाली तर पिल्लाची अन्नाची पिशवी आतून भाजते. स्वतः दाणे टिपायला लागेपर्यंत तो पिल्लू देतच नाही. मला माणूस आवडला.

मग त्यानं एक चार वर्षांची करडी मादी आणली. शेपटीखाली पिवळसर आडवे पट्टे, ती मादीची खूण. तिनं आबांकडे एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्या. बराच वेळ तेवढंच. मग मान खाली घालून डोकं त्यांच्या बोटापुढे धरलं. मानेवर नवी पिसं येत होती, पांढऱ्या नळ्यांत गुंडाळलेली. त्यानं दाखवलं तसं आबांनी नखानं हलकेच खाजवलं, तर नळीचा चुरा होऊन आतलं पीस उलगडलं. पाठीवरचं तिला स्वतःला चोचीनं करता येतं, डोक्यावरचं नाही. त्याला जोडीदार लागतो. जोडीदार नसेल तर आपण.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, आपण इतके दिवस उगाच जातीच्या मागे लागलो. कॉकाटील गरीब, लव्हबर्ड तापट, हे ढोबळमानानं खरं. पण चार वर्षांच्या पक्ष्याचा स्वभाव समोर दिसतो, पिल्लाचा नुसता अंदाज. आबा खिडकीबाहेर बघत होते. उमरोळी गेल्यावर बोलले, "किती वर्षं जगते ती?"

पंधरा ते वीस.

"आणि मी शहात्तर." मग नातवाकडे वळून, "लिहून दे."

त्यानं तिकिटाच्या मागे खरंच लिहून दिलं.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी, दुपारी पक्षी. पिंजरा रुंदीला जास्त घेतला, कारण हे पक्षी उभे नाही, आडवे उडतात. रात्री अंधारात घाबरून फडफडतात म्हणून मंद दिवा चालू ठेवायचा. कालच सातपाटीहून माकुळाचं हाड, म्हणजे समुद्रफेस, आणून धुऊन उकळून ठेवलंय. कॅल्शियमसाठी पिंजऱ्याला अडकवायचं. दुकानात याच वस्तूचे पैसे पडतात, आमच्याकडे किनाऱ्यावर पायाखाली येते.

आज तिनं काही खाल्लं नाही. आबांनीही विशेष नाही.

१२ एप्रिल

आबांनी लॉगबुक सुरू केलंय. रोज सकाळी सात वाजता स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तिला उभं करायचं, आकडा लिहायचा, शेवटी सही. हे मी गमतीनं सुचवलं नव्हतं. पक्षी आजारी पडला की सगळ्यात आधी वजनात कळतं. पहिल्या आठवड्यात उतरलं, आता ९१वर टिकलंय. राळा खाते, बाजरी टाकते, कोथिंबिरीवर तुटून पडते. शर्टाचं एक बटण तोडलं.

दुपारी ऑफिसातून फोन केला तर मागे 'विठ्ठल, विठ्ठल' चालू. मी सांगितलं, आबा, कॉकाटीलची मादी सहसा बोलत नाही. बोलणारे नर.

"तिला कोण बोलायला सांगतंय?" म्हणाले. "ती ऐकते."