फलाटाची नोंद

लहान प्रमाणाच्या कागदी नकाशांत रेल्वेचे स्थानक म्हणजे रुळाच्या रेषेवरचा एक ठिपका असे, आणि त्या नकाशांच्या प्रयोजनास तो पुरेसाही होता. कारण गाव कोठे आणि लोहमार्ग कोठून जातो, एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित असे. परंतु 2004 साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी आरंभिलेल्या आणि आज जगभरच्या स्वयंसेवकांच्या श्रमांवर उभ्या असलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाकडे पायी चालणारा प्रवासी जेव्हा वाट विचारू लागला, तेव्हा ठिपक्याचे राज्य संपले. या नकाशात स्थानकांच्या नोंदी करण्यात माझी अनेक वर्षे गेली आहेत, आणि त्या व्यासंगातून माझे जे मत बनले ते प्रथमच सांगतो: फलाट रुळांच्या शेजारी असला, तरी नकाशात त्याची मांडणी पादचाऱ्याच्या गरजेनुसार व्हावी.

या मताचा पहिला परिणाम आकारावर होतो. फलाट रेषेने दाखवावा की क्षेत्राने, हा वाद जुना आहे. एखाद्या आडगावच्या स्थानकातील अरुंद, सरळ फलाटास रेषा चालते. परंतु ज्याच्या मध्यावर जिने उतरतात, कडेला खांब व उपाहारगृहे आहेत आणि ज्याची रुंदी ठिकठिकाणी बदलते, तो क्षेत्र म्हणूनच रेखाटला पाहिजे. मात्र आकृती कितीही रेखीव असली, तरी पादचारी पूल, जिने, सरकते जिने आणि लिफ्ट यांच्या वाटा तिच्याशी प्रत्यक्ष जोडल्या नसतील, तर मार्ग शोधणाऱ्या संगणकाला तो फलाट समुद्रातील बेटासारखा अगम्य राहतो. मग सरळ अंतराने जवळ पडतो म्हणून संगणक प्रवाशाला भिंतीपलीकडच्या रस्त्यावर नेऊन उभे करतो आणि तेथेच मार्गदर्शन संपवतो. गाडी रुळावर जेथे थांबते तो बिंदू आणि प्रवासी जेथे उभा राहतो ती जागा यांच्या नोंदी वेगळ्या ठेवून, त्या ‘संबंध’ नावाच्या एका सामाईक नोंदीत गुंफण्याची जी पद्धत 2011 साली मान्य झाली, तिचे मर्मही हेच आहे.

दुसरा प्रश्न क्रमांकाचा. दोन रुळांच्या मधल्या फलाटास बहुधा दोन क्रमांक असतात. अर्धविरामाने विलग करून ते दोन्ही एकाच नोंदीत लिहिण्याचा प्रघात आहे खरा; परंतु त्यावरून कोणता क्रमांक कोणत्या बाजूचा, हे कळत नाही. म्हणून फलाटाची प्रत्येक कड स्वतंत्र रेषेने दाखवून तिच्यावर तिचा क्रमांक लिहावा, ही रीत मला सर्वांत सयुक्तिक वाटते. दादरचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. तेथे पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेंचे फलाट एकापासूनच मोजले जात असल्यामुळे एकाच स्थानकात एकाच क्रमांकाचे दोन फलाट नांदत होते, आणि नवख्या प्रवाशाची त्यामुळे तारांबळ उडे. डिसेंबर 2023 मध्ये पश्चिम रेल्वेचे 1 ते 7 हे क्रमांक कायम ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांना 8 ते 14 असे क्रमांक देण्यात आले. दगडमातीचा फलाट जागच्या जागी राहिला आणि त्याची ओळख मात्र बदलली. अशा वेळी आकृती पुसून नवी काढण्याचे कारण नाही. जुना क्रमांक जुना म्हणून जतन करावा आणि नवा त्याच्या जागी लिहावा.

तिसरी बाब उंचीची. भारतीय रेल्वेत उंच फलाट रुळाच्या पातळीपासून 760 ते 840 मिलिमीटर असतो, तर सखल फलाटाची कमाल उंची 455 मिलिमीटर आहे. धडधाकट माणूस हा फरक सहज ओलांडतो. परंतु वृद्धास, गरोदर स्त्रीस किंवा चाकांच्या खुर्चीवरील प्रवाशास घराबाहेर पडण्याचा निर्णय याच फरकावर अवलंबून ठेवावा लागतो. उंची, लिफ्ट, उतार आणि अंधांसाठी बसवलेल्या उठावदार लाद्या या नोंदी म्हणूनच नकाशाचा अलंकार नसून त्याचे कर्तव्य आहेत.

ही माहिती मिळवण्यास स्थळपाहणीवाचून तरणोपाय नाही. उपग्रहचित्रात फलाटाऐवजी त्याचे छप्परच दिसते, आणि ते चित्र पुष्कळदा जमिनीवरील खऱ्या स्थितीपासून काही मीटर सरकलेलेही असते. व्यापारी नकाशांतून उतरवून घेणे तर स्वामित्वहक्काच्या दृष्टीने सर्वथा निषिद्ध. तेव्हा वाचकांस माझी विनंती एवढीच, की आपल्या गावच्या स्थानकात गेल्यावर कोणत्या कडेला कोणता क्रमांक आहे, कोणता जिना कोठे उतरतो आणि लिफ्ट आहे की नाही, हे स्वतः पाहावे आणि जे पाहिले तेवढेच नोंदवावे. अनुमानाने भरलेल्या रकान्यापेक्षा रिकामा रकाना अधिक प्रामाणिक असतो, कारण तो पुढच्या माणसास तेथे जाऊन पाहण्यास सांगतो.