सुरंजन दास रस्ता

बंगळूरला जाणाऱ्या मराठी माणसाच्या यादीत लालबाग असते, म्हैसूरची फेरी असते आणि पत्नी बरोबर असली तर रेशमी साड्यांची दुकाने असतातच. माझीही यादी याहून मोठी नव्हती. पण आम्ही उतरलो होतो पत्नीच्या मामांकडे, आणि मामांची सारी नोकरी विमानांच्या कारखान्यात गेलेली. सकाळची कॉफी होताच ते म्हणाले, "चला जावईबापू, आमचं देऊळ दाखवतो."

देऊळ म्हणजे हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचे संग्रहालय. तिथे 'मारुत' उभे आहे. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या हाताखाली याच शहरात घडलेले हे लढाऊ जेट १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले, तेव्हा आत होते सुरंजन दास. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांचे हे चिरंजीव.

मारुतचे दुखणे एकच, अंगापिंडाने तगडे पण दमाला कमी. ज्या इंजिनाच्या भरवशावर आराखडा केला ते मिळालेच नाही. मिळाले ते कमी ताकदीचे ऑर्फियस ७०३. ध्वनीच्या पुढे धावायचे विमान सरळ उड्डाणात अलीकडेच राहिले. मग इंजिनाच्या मागच्या बाजूला पुन्हा इंधन जाळून जोर वाढवायचा उपाय निघाला. तसे प्रायोगिक मारुत घेऊन दास १० जानेवारी १९७० रोजी निघाले. विमान उठले न उठले तोच कोसळले, आणि दास गेले.

"उंचावर बिघाड झाला तर माणसाला विचार करायला वेळ मिळतो," मामा म्हणाले. "उठताना उंची नाही, वेग पुरता आलेला नाही, टाक्या भरलेल्या." थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "मी तेव्हा उमेदवार होतो. चौघे एका खोलीत राहायचो. त्या रात्री दिवा कुणी मालवलाच नाही."

परतताना रिक्षा केली. जुन्या विमानतळ रस्त्यावरून जुन्या मद्रास रस्त्याकडे जाणाऱ्या वाटेवर पाटी दिसली : सुरंजन दास रस्ता. हे दास कोण, असे मी रिक्षावाल्याला मोडक्या हिंदीत विचारले. "असेल कोणी मंत्री," तो म्हणाला.

मामा पुढे सरकले आणि कानडीत सांगू लागले. मला 'मारुत' आणि 'इंजिन' एवढेच कळत होते. रिक्षावाल्याने मात्र वेग कमी केला होता.

२००८ पासून इथली नेहमीची प्रवासी विमाने देवनहळ्ळीला गेली. चाचणीची विमाने अजून इथूनच उठतात. १ फेब्रुवारी २०१९ रोजी याच धावपट्टीवर उड्डाणाच्या वेळी एक मिराज पडले आणि त्यातले दोघेही वैमानिक गेले. हे मला ठाऊक होते, म्हणून मागून गर्जना आली तेव्हा मी मामांकडे पाहिले. ते बोलता बोलता थांबले होते. मान वर करून, ओठ मिटून, आवाज पुरता विरेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

मग त्यांनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढचे सांगायला घेतले.