जिवंत आमिष

मराठीच्या प्राध्यापकाचे समुद्रात काय काम, असे आमच्या सौभाग्यवतींनी निघताना विचारले होते. मालवणच्या धक्क्यावर रात्री नऊ वाजता मलाही तोच प्रश्न पडला. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातला माझा एक हुशार विद्यार्थी दिवाळीनंतर वर्गात आलाच नव्हता. वडिलांबरोबर तो गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाऊ लागला होता. वडिलांची समजूत घालावी म्हणून मी गेलो, तर नाखवा म्हणाले, "बोलाया मगे, मास्तरांनू. पयली म्हाकुलां गावांदेत."

इसवणीला जिवंत म्हाकुलाइतके दुसरे आमिष नाही, असे त्यांचे ठाम मत.

रात्र अंधारी हवी. चांदण्यात दिव्याला कोण विचारतो? धक्क्यावरच्या दिव्याचे वर्तुळ पाण्यावर पडले होते. तिथे बारीक मासळी जमली आणि तिच्यामागे अंधारातून म्हाकुले आली. (मोठ्या बोटींनी एलईडी दिवे पाजळून मासळी ओढण्यावर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली, तो प्रकार निराळा.) मुलाने खोटी कोळंबी पाण्यात सोडली. तिच्या शेपटीला काट्यांचा झुपका. हिसका द्यायचा आणि थांबायचे. थांबले की म्हाकूल मिठी मारते.

वर आले ते काचेसारखे अंग, त्यावर तांबडे ठिपके उमटत नि विरत होते. मी कौतुकाने हात पुढे केला.

"हात लावू नकात!"

तोवर माझ्या सदऱ्यावर शाई! जन्मभर शाईशी संबंध आला, पण असा नव्हे. म्हाकुलाला ती आधी समुद्रावरच ओकू द्यायची असते. पिंपात ओकले, तर सगळीच गुदमरतात. तीन हृदये नि निळे रक्त असलेला हा जीव. आयुष्य मात्र साधारण वर्षभराचे.

पहाटेपर्यंत सात मिळाली. मुलगा रात्रभर बादलीने पिंपातले पाणी बदलत होता, तरी दोन गेली. उरलेल्या पाचांवर डिझेलचा खर्च निघायचा होता.

सिंधुदुर्ग किल्ला मागे पडला, माझे पोट ढवळू लागले. नाखव्यांनी म्हाकुलाच्या निमुळत्या टोकातून गरी ओवली. म्हाकूल मागच्या मागे पोहते, त्यामुळे तसे ओढले तरी माशाला संशय येत नाही. इसवणीचे दात नायलॉन कापतात, म्हणून गरीच्या वर तारेचा तुकडा.

पहिल्या म्हाकुलाचे नुसते टोक परत आले. दुसऱ्याचेही तेच. नाखवा गप्प. मुलाने न विचारता तारेला दुसरी गरी जोडली आणि ती तिसऱ्याच्या डोक्याशी अडकवली. अर्ध्या तासाने दोरी त्याच्या तळहातातून सरसरत गेली. बापाने हात पुढे केला नाही, फक्त होडी वळवत राहिला. चांगली हातभर लांब इसवण वर आली.

परतताना मी तोंड उघडणार, तोच नाखव्यांनी विचारले, "परीक्षेच्या फॉर्माचे पैशे किती?"

मी आकडा सांगितला. ते काही बोलले नाहीत. मुलगा पिंपातल्या उरलेल्या दोन म्हाकुलांचे पाणी बदलत होता.