बेसूर तंबोरा

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरात सनई वाजली पाहिजे, हा आमच्या अण्णांचा जुना हट्ट. पूर्वी तो रेडिओने पुरवला, मग कॅसेटींनी. 2011 सालच्या दिवाळीत ती कामगिरी माझ्या संगणकाकडे आली. खाँसाहेब बिस्मिल्लांची सनई त्यात भरून ठेवली आणि चांगले वजनदार, तीन पिनांच्या प्लगचे स्पीकर मी हौसेने विकत आणले. संगणक बैठकीच्या खोलीत. स्पीकरची वायर तिथल्या बोर्डापर्यंत पोचेना म्हणून ती माजघरातल्या बोर्डात खोचली.

धनत्रयोदशीच्या रात्री तालीम घेतली. सनईच्या आधी भुंगाच बोलू लागला! घुंऽऽऽ! सनई बंद केली तरी हा चालूच. आवाज कमी करावा, तर सनई तेवढी बारीक होई; भुंगा आपला आहे तसाच.

अण्णा उठून बाहेर आले. क्षणभर कान देऊन म्हणाले, “तंबोरा कुणी लावलाय रे? पांढरी पाचच्या वर, काळी चारच्या खाली. हा सूर पेटीत नाही!”

मी हसलो. पण म्हाताऱ्याचा कान खोटा नव्हता. आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 हेलकावे खाते. ती गुणगुणू लागली की त्याच्या दुपटीचा, म्हणजे 100 कंपनांचा सूरही ऐकू येतो, आणि तो नेमका त्या दोन पट्ट्यांच्या फटीत बसतो. हे मला पुढे कळले. त्या रात्री कळला तो फक्त शेजाऱ्यांचा सल्ला. या गृहस्थांना सगळ्यातले थोडेथोडे कळते. ते म्हणाले, “वरची जाड पिन आहे ना, तिचाच हा उपद्व्याप. दोन पिनांचा प्लग बसवून टाका.”

मी बसवला. भुंगा जागच्या जागी गप्प! त्या यशाने मला इतका चेव आला की संगणक आणि स्पीकर, दोघांनाही मी तोच उपचार दिला. ही म्हणाली, “ती पिन उगीच का ठेवली असेल?” बायकांना विजेतले काय कळते, अशा अर्थाचे काहीतरी मी पुटपुटलो. ते तिने ऐकले नसावे, अशी माझी अजून आशा आहे.

नरकचतुर्दशीला सनई छान लागली. धाकटी सात वर्षांची. अभ्यंगस्नान करून, ओल्या केसांनी, ओल्या पायांनी शहाबादी फरशीवरून धावत आली आणि आवाज वाढवायला पुढे वाकताना तिने संगणकाच्या पत्र्याच्या डब्यावर हात टेकला. तो झटकन मागे घेतला.

“बाबा, हा चावतो!”

मी हात लावून पाहिला. बोटांना झिणझिण्या आल्या. मी आधी मेन स्विच बंद केला. सनई मध्येच तुटली.

दुपारी वायरमन आला. त्याने माझे कर्तृत्व पाहिले आणि मान हलवली. “साहेब, या डब्यातून थोडी वीज पत्र्यावर येतच असते. ती जमिनीत उतरावी म्हणून ती जाड पिन. तुम्ही वाटच बुजवलीत. आज झिणझिण्यांवर भागलं. आत एखादी वायर सुटून पत्र्याला लागली असती, तर...” पुढचे तो बोलला नाही. ही दारात उभी होती. तीही काही बोलली नाही.

त्याने दोन्हीकडे तीन पिनांचे प्लग परत बसवले. भुंगा हजर! मग त्याने संगणकाला जोडलेली स्पीकरची बारीक वायर उपटली, भुंगा गेला. म्हणजे दोष स्पीकरच्या पोटातला नव्हता, त्या वायरीतून येत होता. दोन खोल्यांतले दोन बोर्ड, त्यांच्या अर्थिंगच्या दोन वाटा. त्यांच्यातला बारीकसा फरक या वायरीतून वाहायचा आणि स्पीकर तो इमानेइतबारे मोठा करून ऐकवायचा. वायरमनने लांब वायर आणून दोन्ही प्लग एकाच बोर्डात लावले. एवढाच उपाय! जाताजाता परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात, कोळसा आणि मीठ घातलेल्या त्या जागी, त्याने माझ्याकडून दोन बादल्या पाणी ओतवले. माती कोरडी ठणठणीत झाली होती.

पाडव्याच्या पहाटे पुन्हा सनई लावली. स्पीकरला कान चिकटवला तरच भुंग्याची पुसट कुणकुण लागे.

“तंबोरा काढलास वाटतं?” अण्णा म्हणाले.

“काढला.”

“बरं केलंस. जुळतच नव्हता.”

धाकटी मात्र सनई संपेपर्यंत दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी होती.