यशाचं माप

आज र. धों. कर्वे डोक्यातून जात नाहीत. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. संततिनियमनाच्या या मतांपायी प्राध्यापकी गेली. १९२७ ला सुरू केलेलं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. स्वतःच लिहायचं, खटले अंगावर घ्यायचे, वर पदरमोड. वडील पुढे भारतरत्न झाले, मुलाच्या वाट्याला शिव्याच जास्त! व्यवहाराच्या हिशेबात माणूस सपशेल नापास. पण पुढचा अंक निघाला की त्यांचा महिना सार्थकी लागत असावा, असं आपलं मला वाटतं.

पगारवाढ मलाही हवी असते, खोटं कशाला बोलू? तिला यश मात्र म्हणवत नाही. कुणी दाद देवो न देवो, जे काम उद्या पुन्हा हाती घ्यावंसं वाटतं, ते करायला मिळणं हे माझं यश. या मापाने यंदाचं वर्ष बरं गेलं. पगारवाढ झाली नाही.